जहाजाचे कागद

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

आपल्या खानदेशाला समुद्र नाही. तापीचे पाणी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, एवढाच काय तो आपला त्याच्याशी पूर्वापार संबंध. तेव्हा कला शाखेच्या एका विद्यार्थ्याने जहाजांच्या कागदपत्रांविषयी आणि ती वाचणाऱ्या यंत्रांविषयी लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. मी या विषयाकडे वळलो तो दोन कारणांनी.

पहिले कारण केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची बावीस टन केळी दुबईला रवाना झाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. परदेशी जाणारी केळी हिरवी असतानाच उतरवतात, पेट्यांत भरतात आणि तेरा-चौदा अंश तापमानाच्या कंटेनरमधून न्हावा-शेव्याच्या बंदरात पोचवतात. पुढे ज्या जहाजावर तो कंटेनर चढतो त्याचे कागद ठीक नसतील, तर जहाज बंदरात थांबू शकते. केळी मात्र थांबत नाही. ती आपल्या वेळेने पिकते.

दुसरे कारण घरचे. माझा आतेभाऊ शिरपूर तालुक्यातला. तो मालवाहू जहाजावर इंजिन विभागात नोकरीला आहे. काही वर्षांपूर्वी त्याचे जहाज एका परदेशी बंदरात अकरा दिवस अडकवून ठेवण्यात आले. इंजिन चालू होते, माल सुरक्षित होता, कोणी आजारी नव्हते. अडले होते ते कागदांवर. सातबाऱ्यासारखा एखादा उतारा हरवला असावा, अशी आत्याची समजूत झाली होती आणि ती शेजारणींना तसेच सांगे. प्रत्यक्षात कागद हरवला नव्हता. कागद होता, हीच खरी अडचण होती. ती हकीकत पुढे येईल.

प्रथम हे कागद कोणते ते पाहू. जहाजाला नोंदणीचा दाखला लागतो, वजनमापाचा लागतो. बांधणी सुरक्षित असल्याचे एक प्रमाणपत्र, जीवरक्षक व अग्निशामक साहित्य पुरेसे असल्याचे दुसरे, बिनतारी यंत्रणेचे तिसरे. किती माल भरला म्हणजे जहाज किती बुडावे, याची सीमा ठरवणाऱ्या भाररेषेचे निराळे. तेल समुद्रात जाऊ नये, सांडपाणी जाऊ नये, धूर मर्यादेत असावा, यांची निरनिराळी. शिवाय कंपनीच्या व्यवस्थापनाचे, जहाजाच्या संरक्षणाचे, खलाशांच्या राहणीमानाचे आणि विम्याचे. एका मोठ्या मालवाहू जहाजावर अशी चाळीस-पन्नास प्रमाणपत्रे सहज निघतात. आणि प्रत्येक खलाशाचे स्वतःचे वेगळे पुडके असते: पारपत्र, नाविक-पुस्तिका, योग्यतेचा दाखला, दर पाच वर्षांनी पुन्हा करावयाचे सुरक्षा प्रशिक्षण आणि जास्तीत जास्त दोन वर्षे चालणारा वैद्यकीय दाखला.

कारकुनी हौसेतून हे कागद जन्माला आलेले नाहीत. पुष्कळांच्या मागे एखादे बुडालेले जहाज आहे. टायटॅनिक १९१२ साली बुडाले आणि १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार लंडनमध्ये झाला. आज चालतो तो १९७४ चा करार त्याच वंशातला. आपल्याकडे 'रामदास' बोटीची आठवण कोकणातली जुनी माणसे अजून काढतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट मुंबईच्या तोंडाशीच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. इतक्या जवळची बातमी मुंबईला पोचायला कित्येक तास लागले. बिनतारी यंत्रणेच्या प्रमाणपत्राचा अर्थ ज्याला समजत नसेल त्याने ही एक घटना ध्यानात ठेवावी.

अलीकडची गोष्ट २०११ सालची. त्या पावसाळ्यात 'पवित' नावाचे एक लहान तेलवाहू जहाज जुहूच्या वाळूवर येऊन लागले. त्यावर एकही माणूस नव्हता. ओमानच्या समुद्रात महिनाभरापूर्वी खलाशांना सोडवून नेण्यात आले होते आणि जहाज बुडाले असेल असे धरून चालले होते. ते रिकामेच अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत वाहत आले, आणि कोणाच्याही ध्यानात आले नाही! त्याच्या थोडेच आधी 'विस्डम' हे भंगारात निघालेले जहाज दोर तुटून जुहूला रुतले होते, आणि ऑगस्टमध्ये कोळशाने भरलेले 'राक कॅरिअर' मुंबईजवळ बुडाले. अशा जहाजांचा खर्च शेवटी किनाऱ्याच्या माथी येतो. म्हणून पुढच्याच वर्षी बंदरात येणाऱ्या जहाजांना विम्याच्या कागदाची सक्ती करणारे नियम आपल्या सरकारने काढले.

परंतु कागदांचा खरा डोंगर उभा राहिला तो बेल्जियमच्या किनाऱ्यावरील एका अपघातानंतर. ६ मार्च १९८७ रोजी 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही प्रवासी व मोटारवाहू बोट झीब्रूग बंदरातून पुढचे मोठे दार उघडे ठेवूनच बाहेर पडली आणि काही मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसे दगावली. दार लावण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खोलीत झोपला होता. दार लागले की नाही हे कप्तानाला दाखवणारा दिवाही वरच्या पुलावर नव्हता. लागले असेल, असे प्रत्येकाने गृहीत धरले. चौकशीत दोष केवळ खलाशांवर न ठेवता कंपनीच्या वरच्या पायरीपर्यंत नेण्यात आला. त्यातून आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन संहिता निघाली. प्रवासी जहाजे, तेलवाहू जहाजे व मोठी धान्य-कोळसा वाहणारी जहाजे यांना ती १ जुलै १९९८ पासून लागू झाली, इतर मालवाहू जहाजांना १ जुलै २००२ पासून. काम कसे करायचे ते लिहून ठेवा, केल्यावर नोंद करा, चुकल्यास तेही नोंदवा, आणि जुने झालेले आदेश जहाजावरून वेळीच काढून टाका, असे ही संहिता सांगते. 'गृहीत धरले' या शब्दावर उपाय म्हणून 'लिहून ठेवले' हा शब्द आला. विचार उत्तम होता. कागदी घोडे त्यातूनच निघाले, हेही खरे.

आता ताफ्याचा हिशेब करू. समजा एका कंपनीकडे चाळीस जहाजे आहेत. प्रत्येकी पन्नास धरली तर जहाजांचीच दोन हजार प्रमाणपत्रे झाली. दर जहाजावर बावीस माणसे, म्हणजे ८८० खलाशी समुद्रावर आणि जवळजवळ तेवढेच रजेवर घरी. माणशी दहा कागद धरले तर सतरा हजारांवर दाखले होतात. त्यांत हजारो पानांच्या कार्यपुस्तिका, रोजच्या नोंदवह्या आणि निरनिराळ्या देशांची परिपत्रके मिळवा. नौवहन महासंचालनालय, १९६१ साली स्थापन झालेले भारतीय नौवहन महामंडळ आणि १९७५ साली सुरू झालेली, जहाजांची पाहणी करून दर्जा ठरवणारी भारतीय संस्था, या तिन्हींचे मुख्य ठाणे मुंबईतच असल्याने खाजगी कंपन्यांची असली कार्यालयेही तेथे पुष्कळ आहेत. तेथे पूर्वी जाड वही असे, पुढे संगणकातला तक्ता आला. तक्त्यात तारीख भरणारा माणूस चुकला की तक्ताही चुकणार.

कृत्रिम बुद्धिमत्ता येथे निराळे काय करते? कोणी तारीख भरण्याची वाट न पाहता ती कागदच वाचते. प्रमाणपत्राचे छायाचित्र दिले की त्यातील अक्षरे ओळखते, हा दाखला कशाचा आहे ते ठरवते, जहाजाचे नाव, क्रमांक, देणारी संस्था, मुदत हे सर्व वेगळे काढते आणि तिसऱ्या महिन्यात कोणत्या बंदरात कोणती पाहणी उरकून घ्यावी हे सुचवते. २०१६ नंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुष्कळ प्रमाणपत्रे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक रूपात मिळू लागली आहेत. त्यांचा खरेपणा देणाऱ्या संस्थेकडेच पडताळता येतो, म्हणून त्यांच्या बाबतीत काम सोपे आहे. पण जुने कागद, शिक्के आणि हाताने लिहिलेले शेरे अजून आहेतच, आणि यंत्र कसे चुकते हे तेथेच पाहण्यासारखे आहे.

प्रत्येक जहाजाला सात आकडी कायमचा क्रमांक असतो. जहाजाचे नाव बदलो, मालक बदलो, ध्वज बदलो, क्रमांक तोच राहतो. त्यातील शेवटचा आकडा पहिल्या सहांवरून निघतो. ९०७४७२९ हा क्रमांक घ्या. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ यांनी गुणून बेरीज करायची: ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४ मिळून १३९. एकं स्थानी ९ आला आणि क्रमांकाच्या शेवटीही ९ आहे, म्हणजे क्रमांक बरोबर. इंग्रजी आकड्यांत ७ आणि १ यांचा घोटाळा होतो हे आपल्याला माहीत आहे. समजा पाचवा आकडा ७ ऐवजी १ वाचला गेला. मग बेरीज १२१ होते, शेवटी १ येतो, आणि चूक पकडली जाते. आता तोच घोटाळा तिसऱ्या आकड्यात झाला असे धरा. बेरीज १०९, शेवटी पुन्हा ९! चूक साळसूदपणे आत शिरली. वाचकांनी हा हिशेब वहीवर एकदा स्वतः करून पाहावा. पडताळ्याची युक्ती चांगली आहे, तरी ती भाबडेपणाने वापरण्यासारखी नाही. क्रमांकाबरोबर नाव व बांधणीचे वर्षही ताडून पाहावे लागते.

तारखांचा घोळ याहून मोठा. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकन पद्धतीने ४ मार्च. येथे मला आपल्या धुळ्याची आठवण येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि त्यांच्या मागे येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मोडी कागद वाचणाऱ्याला अक्षर लागले म्हणजे काम संपत नाही. शके असेल तर ७८ मिळवायचे, सुहूर सन असेल तर महिना पाहून ५९९ किंवा ६००, आणि फसली असेल तर हिशेब आणखी निराळा. कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, अस्सल की नक्कल, हे प्रश्न पुढे उरतातच. जहाजाच्या प्रमाणपत्राचेही तसेच आहे. त्याच्या पहिल्या पानावर पाच वर्षांची मुदत छापलेली असते. पण दरवर्षी वर्धापनाच्या तारखेच्या तीन महिने अलीकडे-पलीकडे पाहणी होऊन मागच्या बाजूला शेरा पडावा लागतो. तो पडला नाही, तर पुढे तीन वर्षांची मुदत छापलेली असूनही प्रमाणपत्र निकामी होते. पहिलेच पान वाचणारे यंत्र 'सर्व ठीक' असे सांगेल, आणि बंदरातला तपासनीस पान उलटेल.

आणखी एक खोड आहे. भाषा हाताळणारी ही नवी यंत्रे पुढचा शब्द कोणता येण्याजोगा आहे या अंदाजाने उत्तर रचतात. त्यामुळे माहिती नसली तरी उत्तर रचले जाते, तेही ठाम सुरात. एखाद्या परिपत्रकाचा क्रमांक विचारला तर नसलेला क्रमांकही मिळू शकतो. म्हणून उत्तराबरोबर मूळ पान समोर ठेवणे आणि पान सापडले नाही तर तसे कबूल करणे, हे यंत्राला बांधून द्यावे लागते. इतिहासाच्या तासाला तळटिपेवाचून विधान केले की सर जे म्हणतात, तेच येथे लागू आहे.

आता आतेभावाची हकीकत. त्या बंदरात तपासनीस चढला तेव्हा सर्व फायली चोख होत्या. अशा तपासण्यांसाठी देशांनी आपापसांत करार केलेले आहेत. हिंदी महासागरातील देशांच्या कराराचे सचिवालय तर आपल्या शेजारी गोव्यातच आहे. नियम असा की जहाज सोडून जाण्याचा सराव दर महिन्याला व्हावा आणि जीवरक्षक नौका निदान तीन महिन्यांतून एकदा माणसांसह पाण्यात उतरवून चालवावी. वहीत तशा नोंदी होत्या. तपासनीस म्हातारा होता. त्याने सरावाची वही आणि हवामानाची वही शेजारी शेजारी उघडली. ज्या दिवशी नौका पाण्यात सोडल्याची नोंद होती, त्या दिवशी भर समुद्रात वादळी वारा नोंदलेला होता. मग त्याने सहा महिन्यांच्या नोंदींवरून बोट फिरवले: शाई एक, अक्षर एक, एकाच बैठकीत लिहिलेले. तो काही बोलला नाही. नौका खाली सोडा, एवढेच म्हणाला. ती अर्ध्यावर अडकली. आकडा गंजला होता. पुढचे अकरा दिवस दुरुस्तीत गेले. त्या बावीस माणसांत माझा आतेभाऊ होता, आणि वादळात हीच नौका त्यांना वाचवणार होती.

तपासनिसाने केले ते राजवाड्यांच्या धुळ्यात शिकवता येईल असे काम होते: एका कागदाची साक्ष दुसऱ्या कागदाने तपासणे. आणि माझ्या मते यंत्राचा खरा उपयोग येथेच आहे. मुदतीच्या तारखा सांभाळणे ही फार तर सोय झाली. चाळीस जहाजांच्या सरावाच्या वह्या, हवामान, बंदरांतील मुक्काम, इंजिनाचे तास आणि विश्रांतीचे तक्ते हे सर्व एकाच वेळी ताडून 'या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत' असे सांगणे कोणा एका कारकुनाला शक्य नाही. यंत्राला ते काही क्षणांत जमते. विश्रांतीचेच पाहा. चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असा नियम आहे. स्वीडनमधील माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० साली याच विषयावर अहवाल काढला. तासांच्या नोंदी नियमात बसतील अशा 'जुळवून' लिहिण्याची जहाजांवर रीतच पडली आहे, असे त्यात दिसून आले. दोन बंदरांमधले अंतर कमी, माणसे थोडी, काम तेवढेच. कागद जुळवला नाही तर जहाज अडणार आणि कप्तानाला वरून फोन येणार. खोटे लिहिणारा दरवेळी लबाड असतो असे नाही. पुष्कळदा तो नुसता दमलेला असतो.

यातूनच धोका निघतो. न जुळणारी नोंद पकडली गेली की दोन वाटा असतात. जहाजावर माणूस वाढवावा, नाहीतर नोंद अधिक सफाईने जुळवावी. दुसरी वाट स्वस्त आहे. नोंदी लिहून देणारी यंत्रेही आता आहेतच. जहाजावरचे यंत्र सरावाचा वृत्तांत लिहील, मुंबईच्या कार्यालयातले यंत्र तो वाचून समाधानाचा शेरा मारील, हवामानाशीही मेळ बसेल, आणि या सगळ्यात नौकेच्या गंजलेल्या आकड्याकडे कोणीच पाहिलेले नसेल. हेरल्डच्या वेळी निदान एवढे तरी होते की कोणीच काही लिहिले नव्हते.

आमच्या वर्गात या मुद्द्यावर वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे की, माणसे खोटे लिहितात, तर लिहिण्याचे काम माणसांकडून काढूनच घ्यावे. नौकेच्या दोराला, दाराला, पंपाला संवेदक बसवावेत आणि नोंद आपोआप व्हावी. यात तथ्य आहे. हेरल्डनंतर दारांचे दिवे बसवले गेले ते याच न्यायाने. पण २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेत बाल्टिमोर येथे 'डाली' या मालवाहू जहाजाची वीज गेली, ते पुलावर आदळले आणि पुलावर काम करणारे सहा मजूर मेले. जहाजावरचे बहुतेक सगळे खलाशी भारतीय होते. तेथील चौकशी संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जे कारण सांगितले ते असे: विजेच्या पेटीतील एक तार सैल होती, आणि ती सैल राहिली याचे कारण तिच्या टोकावर चढवलेली नावाची नळी. नळी चुकीच्या जागी बसल्याने तार खाचेत पुरती शिरलीच नाही. तार कोणती हे कळावे म्हणून लावलेली चिठ्ठीच आड आली! असे शेकडो जोड एका जहाजावर असतात. प्रत्येकाला संवेदक लावायचा तर संवेदकांच्याही तारा आल्या, आणि त्यांच्याही चिठ्ठ्या.

मग सही कोणाची, हा प्रश्न उरतो. सुरक्षा संहितेप्रमाणे जबाबदारी कंपनीची व कप्तानाची आहे, आणि किनाऱ्यावरील एका नेमलेल्या अधिकाऱ्याला कंपनीच्या सर्वोच्च पायरीपर्यंत थेट जाता आले पाहिजे. यंत्र सही करू शकत नाही. बंदरात अडकून पडत नाही आणि घरी फोनही करत नाही. यंत्राने सुचवलेले डोळे झाकून मान्य करणारा अधिकारी मात्र सही करू शकतो, आणि तक्त्यावर चाळीस जहाजे हिरवी दिसू लागली की तो तसे करण्याचा संभव वाढतो. माझ्या मते यंत्राने वाचवलेला वेळ कोठे जातो, यावर या सगळ्याचे मोजमाप करावे. कार्यालयातली चार माणसे कमी झाली तर जहाजावरच्या माणसाला त्यातून काहीच मिळाले नाही. तीच माणसे वर्षातून दोनदा जहाजावर जाऊन नौका खाली सोडून पाहू लागली, तर मिळाले.

भाररेषेचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिम्सोल यांच्या खटपटीने १८७६ साली जहाजाच्या अंगावर ती रेषा रंगवण्याची सक्ती झाली. परंतु रेषा कोठे काढायची हे ठरवणे मालकाकडेच राहिले! कायदा पाळला गेला आणि जहाजे पूर्वीसारखीच भरली जाऊ शकत होती. जागा कायद्याने ठरली ती १८९० साली, म्हणजे चौदा वर्षांनी. यंत्रांच्या बाबतीत आपण आज त्या चौदांपैकी कितव्या वर्षात आहोत, कोण जाणे.

आतेभाऊ या दिवाळीला घरी आला होता. आता तो दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर आहे. तेथे सगळी नोंद टॅबवर होते. सराव झाला की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र त्यांच्याकडे छायाचित्र मागते, छायाचित्रात नौका ओळखते, पाणी ओळखते, माणसे मोजते आणि मगच नोंद स्वीकारते. मी म्हटले, हे चांगलेच झाले. तो म्हणाला, "चांगलंच आहे. पहिल्यांदा उतरवली तेव्हा आम्ही बारा फोटो काढून ठेवले."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आत्याने फराळाचे ताट पुढे केले, आणि तो केळीचा यंदाचा भाव विचारू लागला.